लुगड्याची चौकट

मधुकरच्या तेराव्याला जेवून गेलेले पाहुणे अजून मोटारअड्ड्यावर पोचलेही नसतील, तोच त्याच्या थोरल्या भावानं, जोतीरामनं, मधुकरच्या विधवेच्या, गोदावरीच्या, खोलीतली चौकट खुंटीवरून काढली आणि आपल्या छपाईच्या पडवीत नेऊन टांगली. विचारणं नाही, सांगणं नाही. गोदावरी उंबऱ्यात बसली होती. तिला ओलांडून गेला. या घरात आता राहायचं नाही, पण जाईन तर चौकट घेऊनच जाईन, हे तिनं त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं.

चौकट म्हणजे सागाच्या चार पट्ट्या आणि त्यांवर ताणून बसवलेलं झिरझिरीत रेशीम. त्या रेशमावर मधुकरनं जोंधळ्याच्या कणसावर बसलेला पोपट काढला होता. पोपट आणि कणीस तेवढं मोकळं ठेवून बाकीची सगळी जागा सरसानं बुजवली होती. चौकट कापडावर ठेवायची, रंग ओतायचा, रबराच्या फळीनं एकदा ओढायचा. सरस नाही तिथूनच रंग खाली उतरतो, आणि चौकट उचलली की कापडावर पोपट बसलेला. लढाईत मधुकर पुण्याकडच्या लष्करी कारखान्यात मोटारींवरच्या खुणा असल्याच चौकटींनी छापायचा. साताऱ्याला परतला तो ही विद्या आणि छातीतला खोकला, दोन्ही घेऊन.

तसलं रेशीम साताऱ्यात कुठून मिळणार? गोदावरीनं आपलं लग्नातलं लुगडं पेटीतून काढून दिलं, आणि कात्रीही तिनंच चालवली. चित्र मधुकरचं, पण सरस भरायचं काम तिचं, कारण खोकल्याची उबळ आली की त्याचा हात हलायचा. पोपटाचा डावा पाय त्या उबळीपायीच आखूड राहिला होता. "लंगडा हाय तुमचा राघू," असं ती म्हणायची, आणि तो हसता हसता पुन्हा खोकायचा.

जोतीरामची बायको हरणाबाई हिनं मात्र हा लुगड्याचा विषय शेवटपर्यंत सोडला नाही. "लग्नाचं लुगडं कातरलंस तवाच कुंकू कातरलंस, भवाने," असं ती आल्यागेल्यासमोर म्हणायची. आणि गंमत बघा, ज्या चौकटीनं माणूस खाल्ला म्हणून बोंब मारायची, तीच चौकट तिच्या नवऱ्याच्या पडवीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत राबत होती. लाजेनं त्या घरचा रस्ता कधीच सोडला होता.

पाचगणीच्या एका बोर्डिंगला दोनशे पडदे हवे होते. दलाल लालासाहेबानं मधुकरचा पोपट तिथं दाखवला होता आणि त्यांना नेमका तोच पसंत पडला होता. जोतीराम लाकडी ठशांनी छापणारा रंगारी. हात चांगला होता, ते नाकारून चालणार नाही. पण ठशांनी एक पडदा पुरा व्हायला त्याला अख्खी सकाळ लागे. चौकटीनं तेवढ्यात चार होत. ती चौकट त्याच्या लेखी आणखी एक ठसाच होती.

ठसा काम झालं की पाण्यानं धुतात. चौकटीला पाणी चालत नाही. रंग रोगणातला, तेलकट, तो रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा. पाणी लागलं की सरस विरघळला. मधुकरनं हे गोदावरीला शंभरदा बजावलं होतं. तिनं ते जोतीरामला एकदाच सांगितलं.

"तीन पिढ्या आमचे हात रंगात हायती," तो म्हणाला, "आन् तू मला शिकीवतीस?" आणि हातातलं ओलं फडकं त्यानं तिच्या तोंडावर फेकलं.

लढाई संपून दोन वर्षं झाली तरी रॉकेल अजून रेशनकार्डावरच मिळत होतं. गोदावरी आपल्या खोलीतल्या चिमणीचं रॉकेल काढून गपचूप चौकट पुसत राहिली आणि अंधारात जेवत राहिली. जोतीरामला ते माहीतही नव्हतं.

पंधरा दिवस असेच गेले. मग तिचा भाऊ आकाराम तिला न्यायला सांगलीहून आला. त्या दिवशी लालासाहेबही पडवीत बसला होता. निम्मे पडदे झाले होते आणि राहिलेल्यांची त्याला घाई होती.

"दादा, चौकट तेवढी द्या," आकाराम म्हणाला. "निम्मं काम तिच्या हातचं हाय."

"चौकट माझ्या भावाची. भावाचं ते घराचं," जोतीराम म्हणाला. "बाईनं अंगावरच्या लुगड्यानिशी जावं. आन् जायच्या आधी तेवढी धुऊन ठेव गं. चिकट झालीया."

"रॉकेल संपलंय, भावजी."

"मग ठशे कशानं धुतो आपुन? गरम पाणी घे, सोडा घाल."

"पाणी चालत न्हाई त्याला," गोदावरी म्हणाली.

"परत शिकीवतीस?"

गोदावरीनं लालासाहेबाकडं पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं विचारलं, "गरम पाणी म्हणालासा?"

"कडकडीत."

"आन् सोडा बी?"

"सोडा बी! बहिरी हायस का काय?"

लालासाहेब हे सगळं पान चघळत ऐकत होता.

ती चौकट घेऊन परसात गेली. चुलवणावर हंडा तापलेलाच होता. सांगायचं ते सांगून झालं होतं, तेही दोनदा. तिनं पहिला तांब्या ओतला. सरस फुगला, पांढरा पडला आणि शेंबडासारखा ओघळायला लागला. पोपटाचा आखूड पाय सगळ्यात आधी गेला. तिला हुंदका फुटला, आणि तो तिनं आवरला नाही. मधुकरच्या हातचं जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते ती आपल्याच हातानं पुसत होती. पण ते जोतीरामच्या पडवीत राहण्यापेक्षा मोरीतून गेलेलं तिला चाललं. तिनं चारही कोपरे घासघासून धुतले. रेशमाचा मूळचा डाळिंबी रंग वर आला. उन्हात चौकट घटकाभरात वाळली.

"बघा, कशी स्वच्छ निघाली!" जोतीराम म्हणाला. त्यानं नवं कापड पसरलं, चौकट ठेवली, रंग ओतला आणि लालासाहेबाकडं बघत ऐटीत फळी ओढली. चौकट उचलली. कापडावर पाटाएवढा हिरवागार चौकोन उमटला होता.

"राघू कुठं गेला?" लालासाहेबानं विचारलं.

जोतीरामनं कापड ओढून जवळ घेतलं. मग गोदावरीकडं वळला. "रांडं, मुद्दाम केलंस तू!" त्यानं हात उगारला. आकाराम मधे आला.

"गरम पाणी तुमीच म्हणालासा," लालासाहेब पिंक टाकून म्हणाला. "सोडा बी. माझ्या म्होरं." आणि तो चपला शोधायला लागला.

"परत काढ!" जोतीराम ओरडला. "आत्ता काढ, हितंच!"

"काढीन की," गोदावरी म्हणाली. "सांगलीत."

जोतीरामनं चौकट उचलून अंगणात भिरकावली. "घाल चुलीत ती! न्हाईतर घेऊन जा नवऱ्यामागं मसणात!"

ती पायऱ्या उतरली. सागाची एक कड टवकली होती, पण रेशीम शाबूत होतं. तिनं चौकट उचलून खांद्याला लावली.

"काय हाय गं आता त्यात?" हरणाबाई दारातून म्हणाली. "राघू तर गेला."

"लुगडं हाय," गोदावरी म्हणाली. "माझं लग्नातलं. मीच कातरलेलं."

 हरणाबाईनं धाडकन दार लावून घेतलं.

मोटारीत चौकटीचा ओला हिरवा रंग गोदावरीच्या खांद्याला लागला. आकाराम पुसायला गेला, तर ती म्हणाली, राहू दे, रॉकेलनं निघंल. कराड मागं पडलं तरी ती मांडीवर बोटानं पोपट काढत होती. चोच, पंख, कणसाचा देठ, सगळं हाताला पाठ होतं. डावा पाय आखूडच ठेवायचा की नीट काढायचा, एवढं मात्र सांगलीपर्यंत तिचं ठरलं नाही.