शंकररावाने नेलेले आकडे

साखर कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बॉयलरवाले, ऊस टाकायच्या गव्हाणीवरचे, वजनकाट्यावरची पोरं, सगळे चपला बाहेर काढून स्क्रीनकडं बघत उभे. मधोमध लिंबूमहाराज.

"कालचं काढा," ते मला म्हणाले.

मी कालची तारीख टाकली. बॉयलरमधल्या वाफेच्या दाबाची रेघ स्क्रीनवर आली.

"आता त्या दिवसाचं काढा."

त्या दिवसाचं, म्हणजे गेल्या हंगामात शंकरराव गेला त्या दिवसाचं. मी तारीख टाकली. स्क्रीन कोरी. महाराजांनी लिंबू कापून स्क्रीनवरून ओवाळलं. पुन्हा तारीख टाकली, पुन्हा कोरी.

"बगा!" महाराज गरजले. "आत्मा हाय त्यो! जाताना आपलं पाप गाठोडं बांधून नेलंय. पार डिलीट मारून नेलंय!"

भराभर हात जोडले गेले. मी जोडले नाहीत. अख्खी नोकरी मी शंकररावाच्या शेजारी काढली होती. तो गेल्यापासून दातांच्या डॉक्टरने सुई मारावी तसा मी आतून बधिर होतो. जेवायचं, ड्यूटी करायची, झोपायचं, बास.

शंकरराव बॉयलरवर होता. माझी पाळी नव्हती तेव्हा दाब वाढून नळी फुटली आणि तो भाजून गेला. आमचे चीफ इंजिनिअर, म्हणजे चीफसाहेब म्हणत, डुलकी लागली असणार. उद्या चौकशीचा साहेब आमच्या दौंडच्या कारखान्यावर येणार होता. आकडे असते तर खरंखोटं झालं असतं. आकडेच नाहीत म्हटल्यावर ती डुलकी कायमची शंकररावाच्या नावावर चढणार होती.

त्याची बायको चांगुणा आणि मुलगी करुणा भिंतीला टेकून उभ्या होत्या. चीफसाहेबांनीच दोघींना बोलावून घेतलं होतं. करुणा शिरूरला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते.

"ताई, शांती करा," महाराज म्हणाले. "नवरा मोकळा व्हईल."

"आमच्यात न्हाई करत असलं," चांगुणावहिनी म्हणाल्या. "आन् पाप कसलं वो? ड्यूटीवर डोळ्याला डोळा लावत नव्हते ते."

"मग आकडे गेले कुठं?" चीफसाहेब खेकसले.

करुणा पुढं आली. "संपतकाका, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाचा बरं."

मी चष्मा चढवला. ती इंग्रजी ओळ इतके दिवस कुणी वाचलीच नव्हती, मीसुद्धा नाही. "आकडे साठवणाऱ्या चार मशिनांपैकी एक उत्तर देत नाही," मी मराठीत सांगितलं.

"म्हणजे आकडे नाहीत असं स्क्रीन म्हणतच नाहीये. एक मशिन गप्प आहे, एवढंच म्हणतेय." ती सगळ्यांकडं वळली. "ताजे आकडे सारखे लागतात, म्हणून ते नव्या, चपळ मशिनांवर ठेवतात. महिना उलटला की ते आपोआप जुन्या, संथ मशिनवर जातात. रोजची साडी दोरीवर आन् लग्नातला शालू ट्रंकेत, तसं. तुमची ट्रंक कुठाय?"

ट्रंक मागच्या खोलीत होती. आम्ही सगळे तिकडं गेलो. कोपऱ्यात जुनं मशिन, अंगावर हळदीकुंकवाची बोटं, वर वाळून चुरा झालेला झेंडूचा हार. दिवा एकही लागलेला नव्हता.

खंडेनवमीला आम्ही सगळी यंत्रं बंद करतो, पुसतो, पुजतो. त्या दिवशी त्यांना विसावा. दसऱ्याला मोटारी सुरू झाल्या, नवी मशिनं सुरू झाली. हे एक राहून गेलं. हार घातलेल्याला हात कोण लावणार? हंगामाच्या धांदलीत जुने आकडे कुणाला हवे होते? चौकशीची तारीख लागली तेव्हा कुठं शोधाशोध झाली. जुनं काही दिसत नाही ही बोंब कँटीनमध्ये आठवडाभर चालू होती. महाराजांच्या दिव्यदृष्टीला तेवढी पुरली.

करुणाने हार बाजूला ठेवून बटण दाबलं. पंखा घरघरला.

"मायला, बंद व्हतं व्हय!" बॉयलरवरचा रोहन म्हणाला. "आन् आम्ही हात जोडत बसलो! महाराज, ते लिंबू ऱ्हावू द्या, सरबताला व्हईल."

महाराज चपला शोधायला बाहेर गेले ते गेलेच.

मी पुन्हा तारीख टाकली. जुनं मशिन ते, सावकाश चाललं. रेघ उमटली. दाब चढत होता. तिच्याखाली दुसरी रेघ होती, बॉयलरला जळण म्हणून उसाचा भुसा पुरवणाऱ्या मोटारीची. दाब चढू लागताच ती मोटार हाताने बंद केलेली होती. शंकररावाने जाळ तोडला होता. जादा वाफ आपोआप सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र उघडलाच नव्हता, आणि त्याची देखभाल काही शंकररावाकडं नव्हती. ती चीफसाहेबांकडं होती.

"संपतभाऊ," चांगुणावहिनींनी हळूच विचारलं, "म्हंजी जागंच व्हते ना ते?"

"जागाच होता, वहिनी." एवढं बोललो आणि इतक्या महिन्यांनी मला रडू फुटलं. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं.

खंडेनवमीला मशिनाला हार घाला, माझी ना नाही. दसऱ्याला बटण तेवढं दाबा. आणि कुणी 'सापडत नाही' म्हणालं, तर लिंबू कापायच्या आधी विचारा, बाबा रे, शोधलंस कुठं कुठं? हे न विचारता आम्ही एका जाग्या माणसाला झोपलेला ठरवायला निघालो होतो.