आईची साखर

सुईने टोचलेल्या बोटावर थेंब फुगत होता... लाल, गोल, ताज्या शाईत उमटलेल्या पूर्णविरामासारखा. बोट दादाचं होतं. जन्मभर घरोघर पत्रं टाकून राठ झालेलं.

“हळू रे बारक्या! सूड उगवतोयस की काय?”

बारक्याने साखर मोजायच्या यंत्राची पट्टी थेंबाला टेकवली. खरं उत्तर ‘हो’ असं होतं, आणि ते थोरल्या भावाला सत्तरीत सांगणं बरं दिसलं नसतं.

पट्टीने थेंब शोषला. यंत्र पाचपासून उलटं मोजू लागलं.

गेली अकरा वर्षं हे यंत्र त्याच्या एकट्याचं रक्त पीत आलं होतं. दादा रविवारी यायचा, दोन-दोन चमचे साखरेचा चहा प्यायचा, सुटलेल्या पोटावरून हात फिरवत म्हणायचा, “मला नाही बाबा असली थेरं,” आणि ताडताड जिने उतरून जायचा. आज मात्र आपणहून हात पुढे केला. तहान फार लागते म्हणाला, रात्री सारखं उठावं लागतं म्हणाला. ते ऐकून बारक्याच्या आत काहीतरी टुणकन उठून बसलं... काळजी? छे. चाळीस वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसाने असा चुकीचा शब्द पुढे जाऊ देऊ नये.

चार. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या होत्या, “स्वादुपिंड इन्सुलिन बनवतंय हो, पण शरीर त्याचं ऐकेनासं झालंय. मग ते बिचारं जास्त बनवतं, आणखी जास्त बनवतं, आणि शेवटी दमतं.”

“पण मी तर हा असा काडीपैलवान!”

“बाहेरून. आत पोटात, यकृतात चरबी आहेच. त्यात आयुष्यभराचं बैठं काम. घरात कुणाला मधुमेह होता?”

“आईला.”

आई तर दोघांचीही होती. पण दादाचे पाय रोज मैलोगणती चालले. पायांचे स्नायूच साखर गिळून मोकळे होत असणार. आणि हा खुर्चीत, दुसऱ्यांच्या चुका शोधत... आईला गोड वर्ज्य झालं तेव्हा तिच्या ताटातली गोडाची वाटी दादाकडे सरकायची. न चुकता. “बारक्याला पचत नाही,” म्हणायची. तिचा आवाज दादाला मिळाला, तिचं हसणं दादाला — मला काय? पहिल्या तपासणीचा कागद हाती आला तेव्हा मी घाबरलो, खरंच घाबरलो. पण अगदी तळाशी एक लाजिरवाणी ऊब होती. आईचं काहीतरी शेवटी माझ्याकडे आलं...

एक. तीन नि दोन केव्हा गेले?

दोनशे बासष्ट.

“किती?” दादाने विचारलं.

हेच तर हवं होतं. अकरा वर्षं हवं होतं. मग छातीत हे पोकळ काय? वाटी पुन्हा सरकली होती. एवढं एक त्याचं होतं, तेही दादाच्या ताटात जाऊन पडलं.

“अरे बोल की! मरतोय का मी?” दादा हसत होता, पण खुर्चीच्या हातावरची त्याची पकड सैल नव्हती.

तेव्हा बारक्याला टेबलावरची सालं दिसली. आल्या आल्या दादाने संत्रं सोलून खाल्लं होतं, आणि हात धुतला नव्हता. बोटाला चिकटलेला रसही यंत्र साखर म्हणूनच मोजतं. सगळं दोनदा तपासणाऱ्याच्या हातून ही चूक झाली... की त्याने ती होऊ दिली?

“हात धुऊन ये. साबणाने. पुन्हा घेऊ.”

“म्हणजे जास्त आलीय?”

“ये रे धुऊन, दादा.”

आत नळ सुरू झाला. दादा गुणगुणू लागला, आईच्या आवाजात. बारक्याने नवी पट्टी काढली, अंगठ्याने आकडा झाकला. तो चुकीचा निघावा असं त्याला आता मनापासून वाटत होतं. आणि हे वाटणं दादासाठी नव्हतं, हेही त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने ते पुन्हा एकदा तपासलं, सावकाश, अक्षरावर बोट ठेवून तपासावं तसं. कुठे चूक सापडेना. आत नळ अजून वाहतच होता.