फेतूच्या हृदयाची लाल फाइल

मित्रांनो, आज मला पाहिलेत तर मी कधी काळी लालभडक होते यावर तुमचा विश्वास बसणार नाही. जुनी फाइल आहे मी. माझे पुठ्ठे कडांना फुगले आहेत, पाठीवर बुरशीचे डाग पडले आहेत आणि कागद धरणारी एक कडी आता नीट मिटत नाही. पण माझ्या पोटात एका मुलीच्या हृदयाची हकीकत आहे. ती मध्येच का तुटली आहे, हे तुम्हाला सांगावेसे वाटते.

कारखान्यातले माझे दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवते ते सवाई बेटावरच्या सालेलोलोगा गावातले, बोटीच्या धक्क्याजवळचे दुकान. तिथे वह्या, माशांचे डबे आणि छत्र्या यांच्या शेजारी मी धूळ खात पडले होते. एका दुपारी बोटीतून उतरलेली एक तरुण बाई आत आली. तेलेसिया तिचे नाव. तिच्या काखेत कागदांची सुरळी होती आणि तिचा हात धरून आलेली सात वर्षांची मुलगी लंगडत होती.

"लाल दे," ती दुकानदाराला म्हणाली. "घाईच्या वेळी चटकन दिसली पाहिजे."

ती मुलगी फेतू. आधी तिचा घसा दुखला, मग ताप आला, मग गुडघे सुजले. शेजारच्या बेटावरच्या राजधानीत, आपियाला, डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितले की तापाने हृदयाची झडप दुखावली आहे. ती नीट मिटत नाही, त्यामुळे थोडे रक्त मागे गळते. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर महिन्याला एक सुई घ्यायची. आणि गळती वाढते आहे का, हे पाहायला दर वर्षी बोटीने आपियाला जाऊन हृदयाची इको तपासणी करायची.

फेतूचे वडील वारले होते. तेलेसियाला परदेशात, ऑकलंडमध्ये, एका वृद्धाश्रमात काम मिळाले. तिथे घर मिळेपर्यंत मुलीला नेणे शक्य नव्हते. मग तिने मुलगी आणि मला, दोघींनाही आपल्या थोरल्या बहिणीच्या हवाली केले. लोसा तिचे नाव. लोसाला मूलबाळ नव्हते.

"ताई, एक कागद हरवू देऊ नकोस," निघताना तेलेसिया म्हणाली.

"कागद काय घेऊन बसलीस? पोरीच्या केसालाही धक्का लागू देणार नाही," लोसा म्हणाली. "आणि तू रडत बोटीत बसू नकोस. लोक म्हणतील, बहिणीने हाकलून दिली."

मित्रांनो, त्या पहिल्या वर्षांत माझ्याइतकी भाग्यवान फाइल सगळ्या सवाई बेटावर नसेल. दमटपणा लागू नये म्हणून लोसाने मला दोन पिशव्यांत गुंडाळून कपाटावर ठेवले होते. महिन्याला सुईचा दिवस आला की ती मला काखेत घेई आणि फेतूला घेऊन गावच्या दवाखान्यात जाई. सुई फार दुखायची. आमच्याकडे बायकाही लुंगी नेसतात; फेतू मावशीच्या लुंगीचा काठ दातांत धरायची आणि लोसा तिच्या कानाशी गुणगुणायची. घरी आल्यावर कोको आणि तळलेले गोड गोळे ठरलेलेच. दवाखान्यातल्या नर्सबाई इतर आयांना म्हणायच्या, "फाइल कशी ठेवावी, ते लोसाकडून शिका."

एकदा मोठे वादळ आले. छपराचे पत्रे उडू लागले आणि सगळे गाव चर्चकडे धावले. लोसाने एका हातात फेतूला धरले आणि मला लुंगीखाली पोटाशी बांधले. तिची शिवणाची पेटी, गाद्या, भांडी, सगळे मागे राहिले. चर्चच्या भिंतीला टेकून ती बसली होती. रात्रभर तिने मला एकदाही पोटापासून सोडले नाही. त्या दिवशी मला वाटले, या बाईच्या हातात मला कशाचीच भीती नाही.

दुसऱ्या वर्षीच्या इकोनंतर डॉक्टर म्हणाले, "किंचित वाढल्यासारखी वाटते. पुढच्या वर्षी नक्की या." लोसाने ते फोनवर जसेच्या तसे सांगितले. पलीकडून तेलेसिया म्हणाली,

"ताई, आणखी थोडी जरी वाढली, तरी मी तिला इकडे घेऊन येणार. घर नसलं तर नसलं. कुणाच्या तरी कोपऱ्यात राहू."

"इतक्या थंडीत?"

"थंडीने कुणी मरत नाही, ताई."

लोसाने फोन ठेवला. अंगणात फेतू कोंबड्यांना खोबरे घालत होती. लोसा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली.

पुढच्या वर्षी तपासणीची तारीख आली. लोसाने फेतूला चर्चचा पांढरा झगा घातला, मला पिशवीत टाकले आणि दोघी धक्क्याकडे जाणाऱ्या बसची वाट पाहत उभ्या राहिल्या. रंगीबेरंगी बस गाणी वाजवत आली आणि थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "चला, लोसाबाई, बोट तुमच्यासाठी थांबायची नाही."

लोसा हलली नाही.

"आज नाही जात," ती म्हणाली. "पोरीला बोट लागते."

बस गेली. फेतू हसली, कारण तिला खरेच बोट लागायची. लोसाने तिला दुकानात नेऊन आइसक्रीम घेऊन दिले. घरी परतताना ती म्हणाली, "आईला सांगायचं नाही हं. सांगितलंस तर ती तुला थंडीत घेऊन जाईल. तिथे ना समुद्र, ना तुझ्या मैत्रिणी."

संध्याकाळी तेलेसियाचा फोन आला.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"चांगलं आहे म्हणाले," लोसा म्हणाली. "काही वाढलेलं नाही."

"देवाची कृपा," तेलेसिया म्हणाली. "मग राहू दे तिला तुझ्याजवळ. मी जादा पाळ्या करते. चांगलं घर मिळालं की येतेच."

मी कपाटावर होते. मला तोंड असते तर मी त्याच क्षणी ओरडले असते.

यानंतर जे झाले ते मी आजही विसरलेले नाही. लोसाने मला उघडले आणि इकोच्या रिपोर्टसाठी राखलेल्या जागेत चर्चच्या कार्यक्रमपत्रिका घातल्या. पांढऱ्या रविवारी, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या सणाला, फेतू ज्यांत गायली होती त्या. त्यामागे डासांपासून सावध राहा असे सांगणारी पत्रके घातली. सगळे प्लास्टिकच्या पाकिटांत, व्यवस्थित. पुढच्या वर्षी आणखी. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. फोनवर चित्र दिसू लागल्यापासून तेलेसिया म्हणायची, "ताई, फाइल दाखव ना." मग लोसा मला दोन्ही हातांनी उंच धरायची.

"बघ, कशी जाडजूड झालीय. तुझ्या लेकीपेक्षा हिचंच वजन जास्त वाढलंय."

दोघी बहिणी हसायच्या. बडा घर पोकळ वासा, तशी माझी गत झाली होती. ज्या हातांनी मला वादळातून पोटाशी धरून नेले, त्याच हातांनी मला खोटे बोलायला लावले. आणि मित्रांनो, सुया मात्र तिने कधीच चुकवल्या नाहीत. उन्हात, पावसात, स्वतःला ताप असतानाही ती फेतूला घेऊन जाई. सुईने मुलगी तिच्याजवळ राहणार होती. इको मुलीला घेऊन जाणार होती.

फेतू बारा वर्षांची झाली. चर्चच्या पायऱ्या चढताना ती मध्येच थांबू लागली. आडवे झाले की दम लागे म्हणून रात्री उशीवर उशी रचून झोपू लागली. "वाढीचं वय आहे," लोसा शेजारणींना सांगायची, पण सांगताना तिची नजर खाली जायची.

त्याच वर्षी तेलेसियाला घर मिळाले, फेतूची तिकडे जायची कागदपत्रे झाली आणि ती मुलीला न्यायला आली. ऑकलंडला मुलांच्या हृदयाच्या एक डॉक्टर होत्या, मॅकिनन नावाच्या. त्यांनी सांगून ठेवले होते की जुन्या सगळ्या तपासण्या नीट लावून आणा. इको वेगळे, रक्ताच्या तपासण्या वेगळ्या, सुईची कार्डे वेगळी, सगळ्यात जुने खाली. "सगळे इको ओळीने समोर असले की झडप कशी चालली आहे ते मला दिसेल," असा त्यांचा निरोप होता.

दुपारी तेलेसियाने घरात चटई पसरली आणि मला मांडीवर घेतले. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून फेतू त्यांवर शिंपले ठेवत होती. लोसा दाराशी बसून अळकुड्या सोलत होती. सुईची कार्डे एकावर एक चढली. रक्ताच्या तपासण्यांची चळत झाली. मग तेलेसिया इकोच्या पाकिटांशी आली. एक काढले, दुसरे काढले. तिसऱ्यातून कार्यक्रमपत्रिका निघाली. तिने ती हसून बाजूला ठेवली. चौथ्यातून दुसरी पत्रिका निघाली. मग तिचे हसू गेले आणि ती भराभर पाकिटे उपसू लागली.

"ताई, बाकीचे इको कुठे आहेत?"

"असतील त्यातच. नीट बघ."

"नीटच बघतेय. यात डासांची पत्रकं आहेत."

लोसाचा सुरा चालतच राहिला.

"मग हॉस्पिटलवाल्यांनी दिले नसतील."

"दर वर्षी तू मला फाइल दाखवत होतीस. ताई, माझ्याकडे बघून बोल."

लोसाने पाहिले नाही. तेव्हा फेतू हातातल्या शिंपल्याकडे बघत हळूच म्हणाली, "आई, आम्ही आपियाला गेलोच नाही."

"कधी?"

"त्या दोन वेळांनंतर कधीच नाही. मावशी म्हणाली, सांगितलंस तर तू मला घेऊन जाशील."

तेलेसियाने मला मांडीवरून खाली ठेवले.

"मी तिथे दुसऱ्यांच्या आईबापांना आंघोळी घालत होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "लोक विचारायचे, मुलीला सोडून कशी राहतेस? मी सांगायचे, माझी बहीण आहे तिच्याजवळ. तू 'चांगलं आहे' म्हणायचीस आणि मी आणखी एक वर्ष थांबायचे. केसाने गळा कापलास, ताई."

"एक सुई चुकवली नाही मी," लोसा म्हणाली. "विचार कुणालाही."

"म्हणून तर डोळे मिटून विश्वास ठेवला."

"वाढलीय म्हणाले असते तर तू नेली असतीस तिला."

"माझी मुलगी आहे ती."

"मला ते आठवेनासं झालं होतं," लोसा म्हणाली. तिने सुरा खाली ठेवला, पण उठून जवळ यायचे धाडस तिला झाले नाही.

तेलेसियाने कार्यक्रमपत्रिका आणि पत्रके चटईबाहेर सारली. उरलेले कागद तिने मला परत दिले. मी एकदम हलकी झाले. इतकी वर्षे लोक ज्या जाडीचे कौतुक करत होते, तिच्यातले खरे एवढेच होते. निघायच्या दिवशी लोसा धक्क्यापर्यंत आली. फेतूने तिच्या गळ्याला मिठी मारली. तेलेसिया आधीच बोटीत जाऊन बसली होती.

डॉ. मॅकिनन यांच्या टेबलावर मी उघडले गेले तेव्हा फेतूची नवी इको तपासणी झाली होती. डॉक्टरांनी माझे कागद उलटे-सुलटे चाळले.

"दुसरी तपासणी इथे आहे, आणि मग एकदम आजची. मधले रिपोर्ट हरवले का?"

तेलेसियाला हो म्हणता आले असते. बहिणीची अब्रू झाकली गेली असती, तिची स्वतःचीही. तिचे ओठ हललेही. मग ती म्हणाली, "हरवले नाहीत. तपासण्या झाल्याच नाहीत. मला झाल्या म्हणून सांगितलं गेलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर मी जुने रिपोर्ट मागवत बसले असते, आणि आपल्याकडे तेवढा वेळ नाही. गळती खूप वाढली आहे. ऑपरेशन करावं लागेल."

"वेळेवर कळलं असतं तर?"

"कदाचित औषधांवर आणखी काही वर्षं निघाली असती. कदाचित नसतीही. ते मला सांगता येणार नाही, आणि आता कुणालाच सांगता येणार नाही."

हे 'कदाचित' तेलेसियाच्या मनातून आजवर गेलेले नाही.

ऑपरेशन झाले. झडप दुरुस्त झाली आणि फेतू वाचली. तिच्या छातीवर उभा व्रण आहे. सुया अजून चालू आहेत. दर रविवारी चर्च सुटल्यावर लोसाचा फोन येतो. तेलेसिया नंबर पाहते, फोन फेतूच्या हातात देते आणि कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात जाते. फेतू मावशीशी बोलते. कोंबड्यांची चौकशी करते, चर्चमध्ये कोण गायले ते विचारते. पण लोसाने तब्येतीचे विचारले की ती म्हणते, "ते आईला विचार." आणि आई कधी फोनवर येत नाही.

मागच्या महिन्यात वर्षाची तपासणी झाली. डॉक्टर हसून म्हणाल्या, "छान आहे, फेतू. अगदी छान." दुसरी कुठलीही मुलगी हसली असती. फेतूने हात पुढे केला.

"कागद द्या," ती म्हणाली.

तिने तो रिपोर्ट खुर्चीत बसून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. अडले ते शब्द विचारले. मागच्या वर्षीच्या आकड्याशी आकडा जुळवून पाहिला. डॉक्टर थांबल्या, तिची आईही थांबली. मग तिने माझी न मिटणारी कडी अंगठ्याने दाबून धरली आणि तो कागद स्वतः माझ्या पोटात घातला. आता ती मला दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. आईच्याही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी फाइल असेल. तिला दमट जागी ठेवू नका, तिच्यातले कागद तारखेने लावा, हे तर आहेच. पण माझे मागणे वेगळे आहे. जी तपासणी झाली नाही तिची जागा रिकामी राहू द्या. रिकामी जागा पाहून कुणीतरी विचारते, आणि विचारले की उशीर झाला तरी धावपळ करता येते. आम्हाला खोट्याने भरू नका. कारण आमची जाडी पाहून दूर देशी कुणीतरी आई निश्चिंत झोपते, आणि आम्हाला तिला उठवता येत नाही.