ह्यूईच्या पोटावर राजापूरची माती

“काका, मुलीने बनवलं की हेलिकॉप्टरचं खेळणं होतं का?”

मैत्रीण दिव्याने पैज लावली होती, ‘विचारून दाखव!’ आणि स्वप्नालीने विचारलंसुद्धा, भाईंदर पश्चिमेच्या भरल्या हॉलमध्ये. मॉडेल-प्रदर्शनाचे आयोजक यतीनकाका चष्म्यावरून बघतच राहिले. मागे दिव्या तोंडावर हात दाबून खुदखुदत होती.

प्रश्न उगाच नव्हता. सुट्टीभर खपून स्वप्नालीने व्हिएतनाम युद्धातलं ह्यूई हेलिकॉप्टरचं मॉडेल बनवलं होतं, वीतभर लांबीचं. नाव दिलं होतं मोठ्यांच्या खुल्या गटात. काकांनी मात्र ते बालगटात ठेवलं, प्लास्टिकच्या डायनासोरला खेटून! त्यात बाबांनी बजावलं होतं, “हे शेवटचं. मग सगळं माळ्यावर. दहावी आहे.”

“बेटा, रागावते काय?” काका म्हणाले. “खुल्या गटातली मॉडेल्स बघ, वापरलेली वाटतात. तुझं कसं, आत्ताच दुकानातून आणल्यासारखं.”

स्वप्नालीने वाकून पाहिलं. माती कुठे गेली? तिकडे व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर उतरताना लाल धुरळा उडायचा, म्हणून तिने राजापूरहून, गावच्या परसातून माती आणली होती. फडक्यातून गाळून ब्रशने अलगद चढवली होती. आणि आईने खोक्यात भरताना ओलं फडकं मारून सगळं लख्ख केलं असणार! लेकीची वस्तू चारचौघांत जाणार, ती मळकी कशी जाईल?

“गेलं कामातून,” दिव्या कुजबुजली. “चल घरी.”

“घरी? हॅट्!”

स्वप्नालीने दप्तरातून हिंगाची डबी काढली. उरलेली माती त्यातच होती. तिथेच, काकांच्या नाकासमोर, तिने ब्रश चालवायला घेतला.

“पंख्याच्या वाऱ्याने धूळ खालून उसळते ना काका, म्हणून पोटावर जास्त, टपावर कमी. दारात सैनिकांचे बूट घासतात, तिथला रंगच उडालेला.”

बघता बघता भोवती माणसं जमली. काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“बरं बाई. ठेव खुल्या गटात. त्या कोपऱ्यात जागा आहे.”

“कोपऱ्यात कशाला? मधोमध आहे की!”

आणि ठेवलं तिने मधोमध.

तेवढ्यात जेसल पार्कच्या घरून आईबाबा पोचले. “अगो बाई, पुन्हा धूळ बसली!” म्हणत आईने पदराचं टोक पुढे केलं. स्वप्नालीने तिचा हात वरच्या वर धरला.

“आई, ही धूळ नाही. माझी मेहनत आहे, आणि आपल्याच गावची माती आहे.”

“बरं, झालं ना प्रदर्शन?” बाबा म्हणाले. “आता माळ्यावर...”

“नाही बाबा. दहावीचा अभ्यास मी करणारच, त्याची काळजी सोडा. पण माळ्यावर जाणार तो शोकेसमधला तुमच्या लग्नातला टी-सेट, ज्यात आजवर कुणी चहा प्यायलं नाही. त्या शोकेसमध्ये आजपासून माझं हेलिकॉप्टर राहणार. आणि ते कुणीही पुसायचं नाही!”