दोघींचा भार एकीवर

मित्रांनो, गॅरेजच्या खिडकीखाली फळीवर पांढुरका थर चढलेली जी काळी पेटी दिसते, ती मी. एका ट्रकची जुनी बॅटरी.

शिशाच्या पट्ट्या, त्यांना बुडवणारे आम्ल आणि वर काळे आवरण, एवढाच माझा देह. मी ज्या दिवशी, ज्या कारखान्यात जन्मले, त्याच दिवशी तिथेच माझी जुळी बहीण जन्मली. ट्रकला चोवीस व्होल्ट लागतात आणि आमच्या एकेकीच्या अंगात बाराच. म्हणून आम्हाला एकमेकींना जोडून ट्रकच्या कडेच्या लोखंडी पेटीत बसवले. सकाळी मालक किल्ली फिरवायचे, आम्ही दोघी एकदम जोर लावायचो आणि इंजिन घुरघुरत जागे व्हायचे. "माझ्या जोडीला तोड नाही," असे मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचे.

मालकांचे वडील, म्हणजे आजोबा, ऐंशी ओलांडलेले. त्यांची धाकटी बहीण डोंगरापलीकडे राहायची. अकरा वर्षे दोघांची भेट नव्हती. आजोबांना बसमध्ये फार वेळ बसवत नसे आणि त्यांचे इन्सुलिन थंड ठेवावे लागे. शेवटी मालकांनी ट्रकच्या मागे जोडायचा एक कॅम्पर घेतला. चाकांवरची खोलीच ती! आत पलंग, पंखा आणि छोटा फ्रिज. तीन दिवसांत बहिणीचे दार गाठायचे ठरले.

फ्रिजची वायर जोडायला मालकांचे मेहुणे पुढे आले. दहा धंदे केलेला आणि एकही न शिकलेला माणूस.

"फ्रिज बारा व्होल्टचा, बॅटरी बारा व्होल्टची. जोडली वायर की झालं. मिस्त्री कशाला हवा?"

"दादा, नक्की ना? बाबांच्या औषधाचा प्रश्न आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"अगं, डोळे मिटून जा."

आणि त्यांनी फ्रिज, पंखा, दिवे, सगळे माझ्या एकटीच्या गळ्यात बांधले.

चालते इंजिन आम्हा दोघींना वीज सारखीच वाढत होते, पण माझ्या ताटातले फ्रिज खाऊन टाकत होता. मी रिकामी होत गेले. बहिणीला मात्र पोट भरले तरी भरवले जात होते. ती तापायची, तिच्या अंगातले पाणी आटायचे. आम्हाला सांगता येत नव्हते, आणि पेटीचे झाकण उघडून कोणी पाहिलेही नाही.

तिसऱ्या सकाळी पेट्रोल पंपाशेजारच्या मैदानात मालकांनी किल्ली फिरवली. नुसते 'टक्' झाले. फ्रिजही आतून कोमट झाला होता. मालकांनी झाकण उघडून माझ्यावर थाप मारली. "हीच दगाबाज निघाली. भंगारात घालतो हिला."

मित्रांनो, चार वर्षांच्या नोकरीत 'भंगार' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आजोबा पायरीवर येऊन बसले. "राहू दे. परत जाऊ. तिला फोनवर सांगतो, या वेळी जमलं नाही म्हणून. दर वेळी सांगतोच की."

मालकीणबाई औषधाच्या डब्याला ओले फडके गुंडाळत होत्या. "बाबा, फोन खिशात ठेवा. भेट झाल्याशिवाय मी मागे वळायची नाही."

पंपावरच्या माणसाने एका वायरिंगवाल्या बाईंना बोलावले. सगळे त्यांना मीटरताई म्हणत, कारण मीटर लावल्याशिवाय त्या कशालाही नावे ठेवत नसत. आल्या आल्या त्यांनी औषध आपल्या गाडीतल्या थंड पेटीत ठेवायला लावले. मग आम्हा दोघींना वेगवेगळे मोजले.

"हिच्यात अकरा, तिच्यात तेरा. गाडी दोन बैलांची आणि ओझं एकाच्याच मानेवर. कोणी केलं हे?"

मालक मालकीणबाईंकडे बघू लागले. मालकीणबाई आकाशाकडे.

"म्हणजे ही खराब नाही?" मालकांनी विचारले.

"खराब नव्हती. तुम्ही केलीत."

त्यांनी मेहुण्यांची वायर काढली. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर दोघींवर मिळून जोडला आणि आमच्याजवळच फ्यूज बसवला. बहिणीत शुद्ध पाणी घातले आणि मला दुपारपर्यंत सावकाश चार्ज केले. "घाईनं भरवलं तर अंगी लागत नाही," त्या म्हणाल्या. "जाऊन याल एवढी चालेल. आल्यावर मात्र दोघी एकदम बदला. जुनीशी नवी जोडली, तर नवीही लवकर म्हातारी होते."

दुपारी मालकांनी किल्ली फिरवली. आम्ही दोघींनी होता नव्हता तेवढा जोर लावला, आणि इंजिन लागले. खाली उतरून मालकांनी माझ्यावरची धूळ आपल्या रुमालाने पुसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रक एका फाटकापाशी थांबला. काठी टेकत एक म्हातारी उभी होती.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"गाडी बंद पडली होती."

"अकरा वर्षं?"

आजोबा हसता हसता रडू लागले. मग दोघे भाऊबहीण कॅम्परच्या पायरीवर अंधार पडेपर्यंत बसले होते.

परतीच्या वाटेवर मीटरताईंनीच आमच्या जागी नवी जोडी बसवली आणि आम्ही आलो त्यांच्या गॅरेजातल्या या फळीवर. लवकरच आम्हाला नेऊन वितळवतील. आमच्या शिशाच्या नव्या बॅटऱ्या होतील, त्याचे मला वाईट वाटत नाही. जाण्याआधी एवढेच मागते. तुमच्या घरातही कोणी न बोलता राबत असेल. ते माणूस एखाद्या दिवशी थकून बसले, तर त्याला नावे ठेवण्याआधी झाकण उघडा आणि आपण त्याच्या गळ्यात काय काय बांधले आहे, ते एकदा पाहा.