खांडेनवमीला घासलेला चाकू

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मधातच कोणी म्हणेल, मंदाकिनीबाईनं सगळं सुनेवर ढकललं.

खांडेनवमीचा दिवस होता. मी सकाळपासून पुरणाच्या डाळीत अडकलेली. आमची सून राधिका, आमच्या शिशिरची बायको, लग्नाला पाच महिने झालेले, घरातला तिचा पहिलाच दसरा. भिलाईत वाढलेली पोट्टी, मराठी सगळं समजते पण उत्तर हिंदीत देते. तिनं विचारलं, "आई, मैं क्या करूँ?" मी कामाच्या तालात म्हटलं, "घरातली सगळी हत्यारं काढ, चकचकीत घास आणि पूजेसाठी पाटावर मांड. शिशिरचे पाने-पक्कड, माझी कात्री, विळी, जे असंल ते सगळं." सगळं म्हटलं मी. जिभेला हाड नाही ना माझ्या.

आता आमच्या घरात 'सगळं' म्हणजे काय, हे त्या बिचारीले कुठून माहीत? आमचे हे, यशवंतराव, रेल्वेतून रिटायर झाले. लोक रिटायर होऊन देवदर्शनाला जातात, हे भनपुरीच्या भंगारवाल्यांकडे जातात. सिलतऱ्याच्या कारखान्यात वितळायला जाणारं लोखंड तिथं ट्रकमधून उतरते, त्यात हात घालून बसतात आणि जुने घडीचे चाकू शोधतात. सव्वीस जमवले आहेत. प्रत्येक चाकू वेगळ्या फडक्यात गुंडाळलेला, सगळे एका पेटीत. कोणता कुठं बनला, कोणाची मूठ शिंगाची, कोणाची शिसवी, मीही आता धडाधड सांगते. न सांगून जाते कुठं, रोज जेवताना तेच ऐकलं आहे.

त्यातला सांबरशिंगी म्हणजे आमच्या यायचा जीव की प्राण. मूठ सांबराच्या शिंगाची, पाती दोन, आणि पात्यांवर काळसर निळसर थर. शंभर वर्षं वापरलं की असा थर चढतो म्हणे, आणि जुन्या चाकूत पाहायचं तेच असते. हे लोक त्याले पटिना म्हणतात. मी त्याले मळ म्हणायची, की झाला दोन दिवस अबोला.

आणि नेमका तोच चाकू दसऱ्याच्या संध्याकाळी घरातून जायचा होता. ब्राह्मणपाऱ्यात अनंतराव राहतात, त्यायलेही हाच रोग. त्यायच्याजवळ तीन पात्यांचा, पितळी कडांचा एक चाकू आहे. आमच्या यायचे वडील रेल्वेत गार्ड होते, त्यायच्या खिशात अगदी तसाच चाकू असायचा. ड्युटीवरून आले की ओसरीत बसून त्यानं ऊस सोलायचे आणि पोरांना गंडेऱ्या, म्हणजे छोटे तुकडे, करून द्यायचे. तो चाकू कधी, कुठं हरवला, कोणालेच माहीत नाही. हे बारा वर्षं अनंतरावांच्या मागे लागले होते. शेवटी ते कबूल झाले. सांबरशिंगी द्या, तीन पात्यांचा घ्या. सोनं द्यायला येईन तेव्हा अदलाबदल करू, असं ठरलं. आमचे हे आठ दिवस घरात शीळ घालत फिरत होते.

तर त्या सकाळी हे झेंडूची फुलं आणायला गेले. मी पुरण उतरवून बाहेर आली आणि पाहते तर काय. पाटावर पाने, पक्कड, कात्री, विळी, आणि पुढं ओळीनं सव्वीस चाकू. लख्ख. हळदीकुंकू लावलेले. शिशिरचा पॉलिशपेपर घेऊन पोट्टीनं तीन तास घासले होते. बोटांची सालं निघाली होती, चेहरा मात्र खुललेला.

तेवढ्यात हे आले. पिशवी हातात धरून दारातच उभे राहिले. पेटीले नुसता धक्का लागला म्हणून या माणसानं एकदा रंगाऱ्यालाच घराबाहेर काढलं होतं. मी मनातल्या मनात देवाचा धावा सुरू केला.

"बाबा, देखिए ना, कितने काले पड़ गए थे," राधिका म्हणाली. "सबसे ज़्यादा टाइम इसमें लगा." आणि तिनं सांबरशिंगीच पुढं केला.

यायनं तो उघडला. एक पातं पाहिलं, दुसरं पाहिलं. मान लालबुंद झाली. मग म्हणाले, "हव. लई चमकला." आणि पाटासमोर पूजेला बसले.

पूजा झाल्यावर गच्चीत गेले. मी मागं गेली. म्हटलं, "अहो, मीच सांगितलं होतं तिले. मले बोला काय बोलायचं ते."

"तुले काय बोलू? चौतीस वर्षं बोलूनच राहिलो, काही फरक पडला?" मग हळूच म्हणाले, "तिले कळू देऊ नको. पहिला सण आहे पोरीचा."

"आणि अनंतराव?"

"पाहू."

त्या चाकूंपायी मी आयुष्यभर कटकट केली. पण त्या दिवशी यायच्याकडं पाहून माझाच जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनंतराव आले. सोन्याची पानं दिली, घेतली, बसले. राधिका पुरणपोळीचं ताट घेऊन आली. यायनं सांबरशिंगी समोर ठेवला. अनंतरावांनी पातं उघडलं आणि चष्मा काढून पुन्हा लावला.

"यशवंतराव, कोण्या गाढवानं घासला हा?"

मी तोंड उघडणार, तर हे म्हणाले, "मी."

"तुम्ही?"

"मीच. हात शिवशिवले."

यायच्या चाकूवाल्या मंडळीत असं कबूल करणं म्हणजे हलवायानं जिलबीत मीठ टाकल्याचं सांगणं. अनंतराव म्हणाले, "अहो, पाण्याचा थेंबही लागू देऊ नका, असं मले तुम्हीच शिकवलं ना? थर गेला की चाकू गेला, हे कोण म्हणायचं?"

राधिकानं ताट खाली ठेवलं. तिले कळलं. "अंकल, बाबा ने नहीं," ती म्हणाली. "मैंने घिसा है."

"आणि मी सांगितलं म्हणून घासला तिनं," मी म्हटलं.

अनंतरावांनी तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "एक गुन्हा आणि तीन जण कबूल. पोलीसही पळून जातील या घरातून." आम्ही हसलो, राधिका मात्र रडून राहिली होती. अनंतरावांनी चार पोळ्या खाल्ल्या, पण तीन पात्यांचा चाकू काही खिशातून काढला नाही. म्हणाले, "मैत्री मैत्रीच्या जागी. असा नागडा चाकू मी घेत नाही." मले इतका राग आला की पाचवी पोळी मी वाढलीच नाही.

जाताना राधिकानं त्यायले दारात गाठलं. "अंकल, ये वापस काला कैसे होगा?"

"वापरून, बेटा. दुसरा उपाय नाही. रोज पेरू काप, आवळे काप, पुसून ठेव. घाई केली तर नुसता गंज चढेल."

दुसऱ्या दिवसापासून जेवणं झाली की हे दोघं ओसरीत बसू लागले. ती पेरू कापायची, हे शेजारी बसून शिकवायचे, पातं असं नको धरू, असं धर, मिटताना बोट मागं घे. शिशिरनं दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "मला तर कधी हात लावू दिला नाही." यायनं त्याच्या हातावर पेरूची फोड ठेवली. दिवाळीपर्यंत पातं राखाडी झालं. मग टोकाकडं निळा डाग आला, मग जांभळट. राधिका दर रविवारी अनंतरावांना फोटो पाठवायची आणि त्यायचं एकच उत्तर यायचं, अजून नाही.

संक्रांतीला ते तिळगूळ घ्यायला आले. चाकू खिडकीजवळ नेऊन बराच वेळ फिरवून पाहिला. मग स्वतःचा खिशातून काढून यायच्यासमोर ठेवला. "घ्या. शंभर वर्षांचा नाही, पण मेहनतीचा आहे. मी माझा शब्द पाळतो."

यायनं तो उचलला. तिन्ही पाती एकेक करून उघडली. सगळ्यात लहान पात्यावरून अंगठा फिरवला, आणि डोळे भरून आलेले मले स्पष्ट दिसले. मग तिन्ही पाती मिटली आणि चाकू अनंतरावांकडं सरकवला.

"राहू द्या."

"आता काहून? बारा वर्षं डोकं खाल्लं माझं."

"आधी या सांबरशिंगीवर कोण्या जुन्या साहेबाच्या हाताचा डाग होता. त्याचं नावही मले माहीत नव्हतं. आता हा डाग कोणाच्या हाताचा आहे, ते माहीत आहे. आता कसा देऊ?"

राधिका म्हणाली, "बाबा, ले लीजिए ना. दादाजी वाले जैसा है."

"दादाजीवाला हरवला, बेटा. त्याच्यासारखा घेऊन तो थोडीच सापडते? आणि हा देऊन टाकला तर मी दुसऱ्यांदा हरवीन."

अनंतरावांनी आपला चाकू खिशात ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि राधिकाले म्हणाले, "पेरू आहे का घरात? एक काप मले. धार कशी आहे ते तरी पाहू दे."