बहीण दीर्घ

"एकशे बारा वेळा," थोरली म्हणाली. "एकशे बारा वेळा तू बहीण ऱ्हस्व लिहिली आहेस."

"ते दुरुस्त करायलाच तर तुला ठेवलंय ना इथे, ताई?" धाकटीनं खुर्ची रुमालानं पुसली आणि मगच ती बसली.

छापखान्याच्या या मागच्या खोलीत थोरली बावीस वर्षं प्रुफं तपासत होती. औषधांची पत्रकं, शाळेची गाईडं, कुणाकुणाची आत्मचरित्रं. लोकांच्या चुका काढून पोट भरणारी ती घरातली पहिलीच. फुकट काढणारे पुष्कळ होते.

आज टेबलावर धाकटीची कादंबरी होती. एका मुलीचं मोठं होणं. नायिका शाळेतल्या बाईंमुळे धीट होते, मैत्रिणीमुळे हसायला शिकते, एका कवीमुळे रडायला शिकते. बहिणीमुळे तिला घर सोडावंसं वाटतं. बहिणीचा हातभार तेवढाच.

"पान एक्काहत्तर," थोरली म्हणाली. "'बहिण अभ्यासाला कंटाळून शाळा सोडून घरी बसली.' हे वाक्य काढ."

"का?"

"खोटं आहे म्हणून."

"अगं, कादंबरी आहे ती!"

"आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोघींपैकी एकीला घरी बसणं भाग होतं. मी नववीत पहिली आले होते. तुला ठाऊक आहे."

"आहे ना ठाऊक. पण नायिकेला कुणीतरी आडवं यावं लागतं."

"आणि आडवी यायला मीच सापडले?"

"घरात दुसरं होतं कोण? आई तर आधीच आडवी होती."

बोलून गेल्यावर धाकटी जरा चपापली. पण वाक्य झकास जमलं होतं. तिनं ते मनात टिपून ठेवलं असावं.

"ऱ्हस्व-दीर्घापायी तू माझ्या थोबाडीत मारली होतीस," ती म्हणाली. "तेही घातलंय. पान चाळीस."

"वाचलं. ते खरं आहे, राहू दे. मारूनही आलं नाही तुला, एवढंच वाईट वाटतं. बहीण एकटी असली की दीर्घ. तिला 'ला', 'ने', 'चा', कुणीही चिकटलं की ऱ्हस्व. इतकं सोपं आहे."

"तू कधी होतीस गं एकटी? जन्मभर त्या घराला चिकटून बसलीस."

"घर मला चिकटलं होतं."

दारातून मालकांनी डोकं आत घातलं. "बाई, मजकुराला हात नाही हं लावायचा. लेखिकाबाई म्हणतील तसं."

"ऐकलंस?" धाकटी उठली. "तू आपल्या वेलांट्या बघ."

ती गेली. रुमाल खुर्चीवरच राहिला.

थोरलीनं पान एक्काहत्तर पुढ्यात ओढलं. लाल शाईची एक आडवी रेघ पुरली असती. जुळणीवाला कुणाला विचारत नसे, आणि आपलंच लिखाण छापून आल्यावर पुन्हा वाचण्याची धाकटीची रीत नव्हती. रेघेसाठी पेन टेकलंसुद्धा. कागदावर एक लाल ठिपका उमटला.

मग तिनं 'बहिण'मधली डावी वेलांटी खोडली आणि 'ह'च्या उजवीकडे दुसरी काढली. चांगली लांब, वरच्या ओळीत शिरेल अशी. बाकीचं वाक्य तिनं जसंच्या तसं राहू दिलं.

शेवटच्या पानावर नेहमीचा शिक्का होता : 'मजकूर तपासला. छपाईस हरकत नाही.' त्याखाली तिनं सही केली. अक्षर वळणदार होतं. नववीत त्याचंही बक्षीस मिळालं होतं.